ग्राफिक्स कार्ड घ्यावं की न घ्यावं? आधी घड्याळ लावा!

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. 'ग्राफिक्स कार्ड'ला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगा, तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे? तेव्हा ह्या लेखात बरेच इंग्रजी शब्द मराठी कपडे घालून फिरताना दिसतील. त्यांना आपलं म्हणा.

विषय मात्र अगदी आपल्या घरचा आहे. "नवीन कार्ड टाकू का गं?" हा प्रश्न हॉस्टेलमध्ये दर सेमिस्टरला कोणी ना कोणी विचारतंच. उत्तरं तीन ठिकाणांहून येतात. दुकानदार 'हो' म्हणतो, कारण त्याला विकायचं असतं. गेम खेळणारा रूमपार्टनर 'हो' म्हणतो, कारण त्याला फुकटात खेळायचं असतं. आणि वडील 'नाही' म्हणतात, कारण पैसे त्यांचे असतात! तिघांपैकी हिशेब कोणीच करत नाही. आम्ही चौघींनी तो करून पाहिला. तो इथे मांडते आहे, म्हणजे तुम्हाला तुमचे आकडे घालून तुमचं उत्तर काढता येईल.

एक सूचना लॅपटॉपवाल्यांसाठी. बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवरच झाळलेली असते. ती बदलता येत नाही. तुमच्यासाठी 'कार्ड बदलणे' याचा अर्थ 'लॅपटॉप बदलणे'. शिवाय एकाच नावाची चिप दोन लॅपटॉपमध्ये सारखी पळेलच असं नाही. आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपमधली चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेली असू शकते. त्यामुळे नुसतं नाव वाचून भुलू नका, वॅट विचारा. बाकीचा हिशेब तुम्हालाही लागू आहे.

आमचा मामला काय होता?

आम्ही चौघी मिळून द्राक्षाच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारं प्रोजेक्ट करतोय. यंदा मिनी प्रोजेक्ट, आणि पुढच्या वर्षी तेच मोठं करून फायनल इयरला. आमच्या ग्रुपमधल्या नाशिककरणीची दिंडोरीकडे बाग आहे. मागच्या हंगामात तिने बागेतल्या पानांचे सुमारे ३,००० फोटो मोबाईलवर काढून ठेवले होते. काही निरोगी, काही डावणीचे, काही भुरीचे. त्यावर आम्ही मॉडेलला शिकवतो.

आमचं मशीन म्हणजे असेंबल केलेला जुना डेस्कटॉप. त्यात २०१९ साली बाजारात आलेलं जीटीएक्स १६५०, त्याची मेमरी ४ जीबी. सगळ्या फोटोंवरून एक फेरी मारायला १० मिनिटं लागायची. एका ट्रेनिंगला अशा ३० फेऱ्या, म्हणजे पाच तास! साहजिकच ठरलं, की आरटीएक्स ३०६० घ्यायचं. १२ जीबीवालं. भाव सारखे वर-खाली होतात, म्हणून हिशेबासाठी मी सरळ २४,००० रुपये धरते. माणशी ६,०००.

आता हे सहा हजार कुठून येणार? दोघींचे इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून, माझे साठवलेले, आणि नाशिककरणीचे घरून. तिच्या घरी पैसा वर्षातून एकदा येतो, द्राक्ष विकल्यावर. अवकाळी पाऊस एका रात्रीत आला तर तोही येत नाही. ती 'देते' म्हणाली होती, अगदी हसत म्हणाली होती. म्हणूनच "चला, घेऊन टाकू" असं म्हणणं आम्हाला बरं वाटेना. ठरवलं, की आधी मोजायचं आणि मग बोलायचं.

धडा १ : कार्ड करतं काय?

सीपीयू म्हणजे हुशार पण मोजकी माणसं. कसलंही काम द्या, डोकं लावून करतील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे साधी कामं करणाऱ्यांची फौज. आमच्या १६५० मध्ये असे ८९६ कोअर आहेत, तर ३०६० मध्ये ३,५८४. एकच साधं गणित लाखो वेळा करायचं असेल तर ही फौज कामाची. पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग काढणं हे तसलंच काम, आणि मॉडेलला शिकवताना होणारे मॅट्रिक्सचे गुणाकारही तसलेच. २००६ साली एनव्हिडियाने 'कुडा' जाहीर केलं, तेव्हापासून ही फौज गेमबाहेरच्या कामांनाही सहज जुंपता येऊ लागली.

पण सगळी कामं अशी नसतात! मग तुमच्या ब्रँचप्रमाणे बघा. सिव्हिलवाल्यांनो, ऑटोकॅडमधल्या साध्या टू-डी प्लॅनला महागडं कार्ड लागत नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल गरागरा फिरवताना कार्ड उपयोगी पडतं, पण मेश सोडवायला बसलात की बहुतेक वेळा सीपीयू आणि रॅमच घाम गाळतात. व्हीएलएसआयवाल्यांनो, विवाडोमधलं सिंथेसिस सीपीयूवर चालतं. मॅटलॅबमध्ये तर आणखी गंमत. तिथे आकडे मुळात डबल प्रिसिजनचे असतात, आणि ३०६० सारख्या घरगुती कार्डाचा डबल प्रिसिजनमधला वेग सिंगलच्या एक चौसष्टांश! म्हणजे जाहिरातीतला वेग तुमच्या असाइनमेंटपर्यंत पोचतच नाही. ब्लेंडरमध्ये सायकल्सने रेंडर करणारे आणि मॉडेल ट्रेन करणारे, ह्यांना मात्र कार्डाचा फरक खरोखर जाणवतो.

धडा २ : गाडी अडलीये कुठे?

मेसमध्ये बघा. मावशी झपाझप पोळ्या लाटतात, पण कणीक मळून देणारा पोऱ्या एकच. कणकेचा गोळा येईपर्यंत मावशी लाटणं हातात धरून बसलेल्या. आता मेसवाल्याने आणखी एक लाटणारी मावशी ठेवली तर रांग कमी होईल का? मुळीच नाही. दोन मावश्या गप्पा मारत बसतील, एवढंच. कार्ड घेण्याआधी शोधायचं ते हेच, की आपल्या मशीनमध्ये मावशी कमी पडते आहे की कणीक?

ट्रेनिंग करणाऱ्यांनी 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कमांड चालवून कार्डाच्या वापराची टक्केवारी बघावी. टास्क मॅनेजरवर विसंबू नका. तिथे सुरुवातीला थ्री-डीचा आलेख समोर येतो आणि त्यात कुडाचं काम नीट दिसत नाही. टक्केवारी सतत ९५ च्या पुढे असेल तर कार्ड खरंच दमलंय. ती शून्यावर जाऊन उड्या मारत असेल तर कार्ड बिचारं वाट बघतंय.

गेमर मंडळींसाठी ह्याहून सोपी युक्ती आहे. रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. एफपीएस चांगले वाढले तर कार्ड अडलं होतं. जवळजवळ तेवढेच राहिले तर सीपीयू किंवा रॅम अडली आहे, आणि नवीन कार्ड टाकून हातात धुपाटणं येईल. आणि तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल व गेम स्थिर ६० एफपीएसवर चालत असेल, तर वरच्या फ्रेम्स तुमच्या पडद्यावर पुऱ्या उमटतच नाहीत. न दिसणाऱ्या फ्रेम्ससाठी पैसे कशाला मोजायचे?

आमच्याकडे काय दिसलं? टक्केवारी एकदम वर, एकदम खाली. घड्याळ लावून बघितलं तर १० मिनिटांच्या फेरीत कार्डाचं खरं काम जेमतेम ४ मिनिटांचं. उरलेली ६ मिनिटं हार्ड डिस्कवरून मोबाईलचे ते भलेमोठे १२ मेगापिक्सेलचे फोटो उघडण्यात आणि ५१२ × ५१२ इतके लहान करण्यात जात होती. तेही प्रत्येक फेरीत नव्याने! (दोन्ही कामं थोडीफार एकाच वेळी चालतात, पण हिशेबासाठी वेगळी धरली आहेत.)

धडा ३ : अॅमडालबाबांचं सूत्र

परीक्षेपुरतं पाठ करून विसरलेलं एक सूत्र इथे फार कामी येतं. आयबीएमच्या सिस्टिम ३६० चे एक शिल्पकार जीन अॅमडाल. त्यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा असा, की कामाचा एकच भाग वेगवान केलात तर उरलेला भाग तुमचे पाय ओढतो. सूत्रात लिहायचं तर,

एकूण वेगवाढ = १ ÷ [(१ − प) + (प ÷ व)]

इथे 'प' म्हणजे एकूण वेळेपैकी कार्डाचा हिस्सा, आणि 'व' म्हणजे नवीन कार्ड किती पट वेगवान. आमच्यासाठी प = ०.४. नवीन कार्ड अडीचपट वेगवान धरू, म्हणजे व = २.५. आता आकडे घाला. कार्डाची ४ मिनिटं १.६ वर येतील, उरलेली ६ मिनिटं तशीच. बेरीज ७.६ मिनिटं. म्हणजे वेगवाढ सुमारे १.३ पट. चोवीस हजारांत! आणि समजा, जगातलं सगळ्यात वेगवान कार्ड आणून कार्डाचा वेळ शून्यावर आणला, तरी ६ मिनिटं लागणारच.

मग आम्ही काय केलं? एक छोटा प्रोग्रॅम लिहून सगळे फोटो एकदाच ५१२ × ५१२ करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. सगळा संच आता इतका आटोपशीर झाला, की तो रॅममध्येच मावतो आणि डिस्कची कटकटच उरत नाही. सहा मिनिटांचं काम एका मिनिटावर आलं. फेरी १० मिनिटांवरून ५ वर! खर्च शून्य रुपये. म्हणजे जगातलं सगळ्यात भारी कार्ड जे करू शकलं नसतं, ते वीस ओळींच्या प्रोग्रॅमने केलं.

धडा ४ : खरी किंमत किती?

आता कोणी म्हणेल, "बरं, कणकेचा प्रश्न सुटला. आता तरी मावशी आणा!" रास्त आहे. आता ५ मिनिटांपैकी ४ कार्डाची आहेत, म्हणजे प = ०.८. नवीन कार्डाने १ + १.६ = २.६ मिनिटं. प्रत्येक फेरीत २.४ मिनिटं वाचली. ३० फेऱ्यांच्या एका ट्रेनिंगमध्ये ७२ मिनिटं. पुढच्या वर्षभरात अशी २५ ट्रेनिंग्ज धरली तर ३० तास.

पण खर्च नुसत्या कार्डाचा नसतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! १६५० चा मूळ नमुना ७५ वॅटचा, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच त्याचं भागतं. ३०६० ला १७० वॅट लागतात, आणि कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. आमच्या मशीनमधल्या सप्लायवर कंपनीचं नाव शोधूनही सापडत नाही. तो बदलायलाच हवा. स्वस्तातलं कन्व्हर्टर लावून जुन्याच सप्लायवर भार टाकायचा उद्योग कृपा करून करू नका. कॅबिनेटमध्ये कार्ड मावतं का, तेही पट्टीने मोजून बघा. कार्ड स्लॉटच्या किती लेन वापरतं, हेही विचारा. २०२२ साली आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड फक्त चार लेन वापरतं. त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या बोर्डवर ते मंदावतं. आणि नेमके जुने बोर्ड असणारेच असली स्वस्त कार्डं घेतात!

तर बऱ्यापैकी सप्लायचे ५,००० धरून आमचा खर्च झाला २९,०००. माणशी ६,००० नाही, ७,२५०. भागिले ३० तास. वाचलेल्या एका तासाची किंमत जवळजवळ ९७० रुपये. प्रोजेक्ट संपल्यावर कार्ड निम्म्या भावात विकलं असं धरलं, तरी तासाला सुमारे ५७० रुपये पडतात. आणि हे तास कोणते? रात्री दोनचे, जेव्हा मशीन चालू असतं आणि आम्ही चौघी घोरत असतो! वाचलेला वेळ तुमच्या जागेपणीचा आहे की झोपेतला, हा प्रश्न हिशेबात घालायलाच हवा.

त्यात भर म्हणजे कॅगलवर खातं उघडून फोन नंबर पडताळून दिला, की आठवड्याला साधारण ३० तास चांगलं कार्ड फुकट वापरायला मिळतं. वर्षभरात आम्ही जे ३० तास विकत घेणार होतो, तेवढे तास तिथे आठवड्यात मिळतात. हॉस्टेलचं नेट रडतं, हे मान्य. पण लहान केलेले फोटो एकदाच चढवायचे असतात.

धडा ५ : मेमरीचं प्रकरण वेगळं

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ही मुलगी कार्डावरच खार खाऊन आहे. तसं नाही. वेग कमी पडला तर काम उशिरा होतं, पण मेमरी कमी पडली तर काम होतच नाही. आमच्या ४ जीबीमध्ये एका वेळी चारच फोटो मावतात. जास्त टाकले की 'आउट ऑफ मेमरी'चा लाल संदेश. आम्ही चार-चार फोटोंच्या चार तुकड्यांचा निकाल साठवून मग मॉडेलमध्ये एकदाच सुधारणा करतो. काम भागतं. पण तुमचं मॉडेलच मेमरीत मावत नसेल तर कितीही वाट बघून उपयोग नाही. तेव्हा मेमरी आधी बघा, वेग मागून. नवं ते जास्तच असं समजू नका. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० ची मेमरी १२ जीबी, आणि २०२३ च्या डेस्कटॉप ४०६० ची ८ जीबी!

धडा ६ : जुनं घ्यावं का? थांबावं का?

लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत फिरलात तर जुनं कार्ड बरंच स्वस्त मिळू शकतं. पण दोन गोष्टी तपासा. पहिली, चालू मशीनवर अर्धा तास पूर्ण भार देऊन बघा. पंखा खरखरतो का, पडद्यावर ठिपके येतात का, मशीन बंद पडतं का. दुसरी, सॉफ्टवेअरचा आधार. २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ ने पास्कल पिढीची कार्डं, म्हणजे जीटीएक्स १०५० टीआय, १०६० वगैरे, यादीतून काढून टाकली. गेमसाठी ती अजून चालतील, पण नवीन प्रोजेक्टसाठी स्वस्तातलं १०६० घेणं म्हणजे शेवटच्या स्टॉपला गाडीत चढणं.

थांबण्याबद्दल सांगायचं तर, क्रिप्टोच्या खाणकामामुळे आणि चिपच्या टंचाईमुळे २०२१ मध्ये कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डावरचं त्याचं खाणकाम बंद झालं आणि जुन्या कार्डांचे ढीग बाजारात आले. ज्यांना निकड नव्हती आणि जे थांबले, ते जिंकले. पण असं दर वेळी होत नाही. भाव वरही जातात. म्हणून 'थांबू का?' ह्यापेक्षा 'आत्ता अडलंय का?' हा प्रश्न बरा.

धडा ७ : त्याच पैशात दुसरं काय येतं?

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा. आमचं मॉडेल तिच्या बागेतल्या वेगळ्या ठेवलेल्या फोटोंवर शंभरात ९४ उत्तरं बरोबर देतं. मग शेजारच्या बागेतले ५० फोटो दिले. ५० पैकी २९ बरोबर! मॉडेल रोग कमी आणि तिच्या बागेची माती, ऊन नि मोबाईलचा कॅमेराच जास्त शिकलं होतं. हे दुखणं जुनं आहे. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सलाते ह्यांनी प्लांटव्हिलेज नावाच्या ५४,३०६ फोटोंच्या संचावर काम केलं. त्याच संचातल्या फोटोंवर अचूकता ९९ टक्क्यांच्या पुढे गेली, पण वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती सुमारे ३१ टक्क्यांवर आली. आणि त्या संचात द्राक्षाचे काही रोग असले तरी आपल्याकडच्या बागायतदाराची झोप उडवणारी डावणी आणि भुरी त्यात नाहीत.

आता सांगा, अडीचपट वेगवान कार्ड हे दुखणं बरं करेल का? करणार नाही. ते चुकीचं उत्तर अडीचपट लवकर देईल! शेतकऱ्याने त्यावर विश्वास ठेवून चुकीची फवारणी केली तर नुकसान त्याचं.

म्हणून आमचं ठरलं. कार्ड नाही. माणशी १,५०० रुपये काढायचे आणि येत्या ऑक्टोबर छाटणीनंतर, डावणीच्या दिवसांत, दिंडोरी, निफाड आणि तासगाव अशा तीन भागांतल्या वेगवेगळ्या बागांत जाऊन वेगवेगळ्या मोबाईलवर फोटो काढायचे. थॉमसनचेही आणि सोनाकाचेही. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ६,००० रुपयांत बरंच फिरून होईल. नाशिककरणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग जेवायला आमच्याकडेच या." पैशांबद्दल ती काही बोलली नाही, आम्हीही नाही.

तर मंडळी, कार्ड घ्या, जरूर घ्या, जर :

१. तुमच्या रोजच्या कामात कार्डाची टक्केवारी तासन् तास ९५ च्या वर असेल;
२. किंवा तुमचं काम मेमरीत मावतच नसेल आणि फुकटचं कार्डही पुरत नसेल;
३. किंवा रेंडरिंग वगैरे करून तुम्ही पैसे कमावत असाल, आणि वाचलेल्या तासाची किंमत तुम्हाला खरोखर मिळत असेल;
४. किंवा गेम ही तुमची आवड असेल, पैसे तुमचे स्वतःचे असतील, आणि रिझोल्यूशनची परीक्षा कार्डालाच दोषी ठरवत असेल. आनंदालाही किंमत असते. फक्त घरी 'प्रोजेक्टसाठी हवंय' असं सांगू नका!

ह्यातलं काहीच लागू नसेल तर पैसे खिशातच राहू द्या. मोजायला लागतं काय? एक घड्याळ, एक कमांड आणि अॅमडालबाबांचं एका ओळीचं सूत्र. एवढ्यासाठी दुकानात जावं लागत नाही. रविवारी मेसला फीस्ट नसेल तेव्हा तासाभरात होतं.